दोन पट्ट्या वर

पस्तीस वर्षं मी लोकांचे आवाज भरले, आधी कॅसेटीत, मग कंप्युटरवर. त्या धंद्याबद्दल लिहायचं तर गमतीजमती ढीगभर निघतील, दोन-चार सांगतोही. पण कचरूदादाचा आवाज माझ्या हातून नासला, हे मी उभ्या आयुष्यात कुणापाशी बोललो नव्हतो, आणि ते बाजूला ठेवून बाकीचं लिहिणं म्हणजे निव्वळ चावटपणा होईल. तेव्हा तेच लिहितो.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण आता कॅसेट हातात दिली तर पोरं विचारतात, ही उघडायची कुठून? औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानांवर माझी माडी होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पुढं काउंटर, मागं दहा बाय बाराची खोली. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी भरून द्यायचो. मागच्या खोलीत भजनी मंडळं, कव्वाल, बँडवाले यांची रेकॉर्डिंग करायचो. आवाज घुमू नये म्हणून मोठ्या स्टुडिओत भिंतींना कसकसले महागडे तक्ते लावतात. माझ्याकडं वडिलांची घोंगडी होती. आम्ही दौलताबादकडचे, मेंढरंवाले. दहा-बारा घोंगडी खिळे मारून भिंतीला ठोकली आणि भागवलं. पावसाळ्यात खोलीला मेंढरांचा वास यायचा, एक कव्वालसाहेब तर नाकाला रुमाल लावूनच बसायचे. पण आवाज असा स्वच्छ यायचा की मुंबईवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत!

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुने. एक कारकून दर महिन्याला यायचा आणि कॅसेटीच्या दोन्ही बाजूंना एकच गाणं भरून न्यायचा. एकदा मी म्हटलं, "साहेब, मागची इतक्यात घासली?" तर म्हणाला, "नाही हो, बायकोनं चुलीत घातली." वैजापूरकडच्या एका म्हातारीला आखातातल्या मुलाला पत्राऐवजी बोलकी कॅसेट पाठवायची होती. माइकसमोर बसवली तर हूं नाही की चूं नाही, अर्धा तास नुसती रडली. मी तेच भरून पाठवलं. दोन महिन्यांनी मुलगा घरी आला.

आता कचरूदादा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो प्रेसवर पत्रे दाबायचा. तो आणि त्याच्यासारखेच आणखी चार कामगार मिळून त्यांनी गाण्याची पार्टी काढली होती, 'थर्ड शिफ्ट गायन पार्टी'. नावच असं, तर गाणी कशी असतील विचारू नका. एक पेटी, एक ढोलकी, आणि कारखान्यातून टाकून दिलेला पत्र्याचा डबा, तो स्पॅनरनं वाजवायचे. गोड गाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गेटवर उभे राहिले की पहारेकरी दार लावून घ्यायचा. ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघत होते, लाठ्या पडत होत्या, खेड्यांतून माणसांची घरं जाळली जात होती. आणि त्याच वर्षांत आमच्या एमआयडीसीत रोज नवी शेड उभी राहत होती. शहर मोठं होतंय म्हणून पेपरात कौतुक! गावाकडं घर जळालेला माणूस इथं येऊन हेल्पर म्हणून लागायचा, आणि पहिल्याच आठवड्यात थर्ड शिफ्टवाल्यांच्या गाण्यात त्याला आपलं गाव ऐकू यायचं.

त्यांची माणसंही तशीच. मुश्ताक नावाचा रिक्षावाला होता, पार्टीचा कार्यक्रम असला की त्या दिवशी भाडं घ्यायचा नाही, पार्टीची पेटी-ढोलकी वाहायचा. "अपने को नामांतर-वामांतर इतना नहीं समजता भाई," म्हणायचा, "लेकिन ये आदमी गाता तो अपनी भी गर्दन सीधी हो जाती." बायका पोरं कडेवर घेऊन दोन-दोन कोस चालत यायच्या. गाणी तोंडपाठ. कचरूदादा एक ओळ म्हणायचा, पुढची मैदान म्हणायचं.

त्यांची कॅसेट काढायचं मीच सुचवलं. त्यासाठी मला माझ्या माणसांच्या शिव्या खाव्या लागल्या. गावाकडचे एक पाटील, माझे जुने गिऱ्हाईक, काउंटरवर हात आपटून म्हणाले, "नारायणा, ह्यांची गाणी भरतो का रे तू? मग आमच्या घरच्या लग्नाला तुझं मशीन नको." मी म्हटलं, "नको तर नको." ही बाणेदार गोष्ट मी नंतर शंभर वेळा सांगितली आणि दर वेळी लोकांनी मान डोलावली. पुढचं मात्र सांगितलं नाही.

गल्लीत दिवसभर हॉर्न आणि भांड्यांचा खणखणाट, त्यामुळं आमचं रेकॉर्डिंग बंदच्या दिवशी व्हायचं. शहर बंद म्हणजे गल्ली चिडीचूप. नामांतरासाठी बंद पुकारला होता, त्या दुपारी पाचही जण मोर्चातून सरळ माडीवर आले. अंगावर धूळ, एकाच्या कपाळाला फडकं बांधलेलं. पेटीवर शेषराव बसला, त्यानं काळी दोनची पट्टी धरली आणि कचरूदादानं सुरुवात केली. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. भारी, खर्जातला, शांत आवाज. हा माणूस गेटवर ओरडतो एवढंच मला ठाऊक होतं. घोंगड्यांच्या खोलीत कळलं की तो गातो.

मोठ्या चकरीवर, स्पुलावर, सगळं उतरवलं आणि घड्याळ बघितलं. सदुसष्ट मिनिटं. कॅसेट साठ मिनिटांची. नव्वदची मिळायची, पण तिची टेप पातळ, वस्तीतल्या स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये गुंडाळून तुटायची. मी म्हटलं, "दादा, एक गाणं काढावं लागतंय. शेवटचं काढू, लई लांब हाय."

शेवटच्या गाण्यात जळलेल्या गावांची नावं होती. एकेक नाव, आणि प्रत्येक नावावर डब्याचा एक ठोका.

कचरूदादा माझ्याकडं बघत राहिला. "कोन्तं गाव काढू? तूच सांग."

"मग दुसरं एखादं."

"एक बी निघायचं नाय, नारायणा. बसव."

बसवलं. कसं ते सांगतो, सोपं आहे. डेकच्या मोटरला मागं बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो थोडा उलटा फिरवला की टेप हळू सरकते आणि थोड्या टेपेत जास्त गाणं मावतं. पण तीच कॅसेट लोकांच्या नीट चालणाऱ्या मशीनवर लावली की गाणं पळतं आणि आवाज वर चढतो. सदुसष्ट मिनिटं साठात कोंबल्यावर काळी दोनमध्ये गायलेला कचरूदादा पांढरी चारमध्ये ऐकू येऊ लागला. पेटी न वाजवणाऱ्यांनी एवढंच समजावं, दोन पट्ट्या वर. भारी आवाज एकदम टोकदार, तरणा, चिडलेला झाला. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, वा! काय धार आली! त्यावरून हजारभर कॅसेटी काढल्या. कुणाला काही बोललो नाही.

कॅसेट तुफान चालली. चहाच्या टपरीवर, मुश्ताकच्या रिक्षात, वाळूजच्या नव्या कॉलन्यांत, जिथं जावं तिथं तोच आवाज. महिन्याभरानं शेषराव पेटी घेऊनच माडीवर आला.

"नारायणभाऊ, माझी पेटी कॅसेटीशी जुळंना. आपन काळी दोनमदी गायलो, ही पांढरी चार बोलती."

खरं बोलायची ती वेळ होती. स्क्रू फिरवला, एवढे दोनच शब्द. पण समोर चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्या हातात तीच कॅसेट, आणि माझ्या कारागिरीचं कौतुक चाललेलं. मी म्हणालो, "तुमच्या मशीनचा पट्टा घट्ट झाला असंल. प्रत्येक मशीनची चाल वेगळी असती, शेषराव." त्यानं मान हलवली. मी मशीनवाला, तो पेटीवाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

मग कार्यक्रमांत लोक ओरडू लागले, "दादा, कॅसेटसारखं म्हणा!" काळी दोनमध्ये सुरू केलं की मैदान गप्प बसायचं, पोरं शिट्ट्या मारायची. शेवटी शेषरावानं पट्टी चढवली. आधी एक, मग दुसरी. पांढरी चार म्हणजे कचरूदादासाठी दगड उचलण्यासारखंच होतं, पण लोकांना हवं म्हणून तो उचलत राहिला. आठवड्याला चार-चार कार्यक्रम, वर कारखान्यातली पाळी. माझ्याकडं येऊन माठातलं पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "गड्या, त्या दिवशी तुझ्या खोलीत कसं काय सहज लागलं व्हतं रं? आता त्या जागी जाताच येईना." मी म्हणायचो, "दमला असशील दादा, जरा आराम कर." असं म्हणायचो मी! तोंड वर करून!

दोन वर्षांत गळा फाटला. एका सभेत वरच्या स्वरावर आवाज चिरकला, आणि पुढच्या कडव्याला तोंड नुसतं हललं. डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं. तरी तो आणखी तीन कार्यक्रम गायला, आणि मग बोलायलाही घोगरा सूर राहिला. पुढं विद्यापीठाचा प्रश्न सुटला, नाव लागलं, गुलाल उडाला. त्या दिवशी लोकांनी थर्ड शिफ्टची कॅसेट कर्ण्यावर लावली होती. कचरूदादा गर्दीत उभा राहून स्वतःलाच ऐकत होता. पार्टी कधीच मोडली होती.

गावात बोभाटा काय झाला? "दारूनं गेला गळा." ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल! माझ्याच काउंटरवर उभं राहून लोक बोलायचे, "कलाकार माणूस, पिणारच." मी कॅसेटीला लेबल चिकटवत राहायचो. त्याच्या पोरीचं लग्न ठरताना एका पाहुण्यानं हेच कारण सांगून नकार दिला, तेही माझ्या कानावर आलं होतं. एवढ्यावर भागलं नाही. कुणा मंडळानं मला शाल-नारळ दिला, 'चळवळीचा आवाज जपणारा' म्हणून. मी स्टेजवर, कचरूदादा तिसऱ्या रांगेत. सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या.

कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. मी मेमरी कार्डात गाणी भरू लागलो, मग पुतण्यानं कंप्युटर बसवला. घोंगडी मात्र तीच. पार्टी मोडल्याला पंचवीस वर्षं झाल्यावर कचरूदादाची पोरगी सुजाता माडीवर आली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बापासारखीच रोखून बघणारी. पाहुण्यांचा नकार पचवून तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं.

"काका, पार्टीचा नवीन अल्बम काढायचाय. बाबा परत गाणार."

"गळ्याचं काय?"

"एवढी वर्षं गप्प होते ना, बसलेला गळा सुटलाय. सकाळी अंघोळ करताना गुणगुणतात. पण म्हणतात, गाईन तर त्याच खोलीत."

पाचांतले तिघं उरले होते. कचरूदादा, शेषराव आणि डबेवाला. शेषरावानं पेटी उघडली आणि विचारलं, "कोन्ती?" कचरूदादा म्हणाला, "काळी दोन. त्याच्या वर आता जमायचं नाय." आणि गायला. पिकलेला, जड, शांत. एवढी वर्षं आवाज भरून माझा कान तयार झालाय, म्हणून सांगतो, यापेक्षा चांगला तो कधीच गायला नव्हता. गावांची नावं तो एकेक करून अशी घेत होता की वाटावं, त्या त्या गावात जाऊन उभा राहतोय. मी कंप्युटरमागं बसून डोळे पुसले. मनात म्हटलं, नारायणा, सुटलास. देवानं झाकून घेतलं.

काय सुटतोय! प्रकाशन एका सभागृहात, रविवारी सकाळी होतं. जुनी माणसं झाडून आली. केस पांढरे, गुडघे गेलेले, काही जण कारखान्यांतून रिटायर. पुष्कळांच्या खिशात जुनी कॅसेट, सही घ्यायला आणलेली. मुश्ताक पहिल्या रांगेत. पार्टीनं पहिलं गाणं धरलं आणि सगळे सवयीनं बरोबर म्हणायला लागले. पण त्यांना पाठ होती ती कॅसेट. ते आपोआप वरच्या पट्टीत गेले आणि पळत सुटले. स्टेजवर तीन म्हातारे आपल्या चालीनं, आणि खाली चारशे माणसं त्यांच्या पुढं. शेषराव गोंधळून दोन्हीकडं बघायला लागला. कुणीतरी ओरडलं, "दादा, कॅसेटची पट्टी धरा!" कचरूदादानं प्रयत्न केला. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. तो थांबला, हात जोडले, आणि लोकांनी गाणं त्याच्याविना पुरं केलं. जोरात, आनंदात. त्यांना वाटलं, दादा मन भरून आल्यामुळं थांबलेत.

बाहेर मुश्ताकनं त्याचा हात धरला. "उस्ताद, बुरा नक्को मानो. वो कॅसेटवाला आवाज अलगच था. अल्लाह ने दिया था, ले लिया."

"व्हय," कचरूदादा म्हणाला. "माझ्याकडनं सांभाळला गेला नाय."

अल्बम चालला नाही. मोबाईलवर ज्यांनी ऐकला त्यांनी लिहिलं, आग विझली, म्हातारपण दिसतं. एकानं दारूचं पुन्हा लिहिलं. आठ दिवसांनी सुजाता आली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. "काका, कंप्युटरवर गाणं पळवता येतं ना? जरा चढवा. लोकांना पाहिजे तसं होईल. बाबांना नाही कळू द्यायचं."

मी खुर्ची पुढं सरकवली. म्हटलं, "सुजाता, बस. तुझ्या बापाचं वाटोळं असंच झालंय." आणि सगळं सांगितलं. स्क्रू, साठ मिनिटं, शेषरावाशी बोललेलं खोटं. शेवटी म्हणाली, "हे मला कशाला सांगता? त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मुकुंदवाडीच्या घरी गेलो. कचरूदादा खाटेवर पेपर वाचत होता. मी खाली बसलो आणि बोललो. पेपर त्यानं बाजूला ठेवला नाही, तसाच हातात धरून ऐकलं.

"म्हंजी कॅसेटीत मी नव्हतोच," तो म्हणाला.

"तूच होतास दादा. फक्त..."

"त्या भाड्याशी बरोबरी करता करता माझा गळा फाटला, आन तो कुनी नव्हताच." मग त्यानं पेपराची घडी घातली. "मूळ स्पूल हाय का?"

स्पूल महाग असायचा. पुढच्याच महिन्यात मी त्यावर एका बँडवाल्याची लग्नाची गाणी घेतली होती. तेही सांगितलं. कचरूदादा हसला, आणि ते हसणं मला शिव्यांपेक्षा लागलं.

मी सोबत छोटा स्पीकर आणला होता. आदल्या दिवशी जुनी कॅसेट कंप्युटरवर उतरवून तेवढीच हळू केली होती. सदुसष्ट मिनिटं, काळी दोन. गाणं लावलं. त्या बंदच्या दुपारचा आवाज खोलीत आला. भारी, तरुण, शांत.

आतून कौसावहिनी, त्याची बायको, हात पुसत बाहेर आल्या. ती कॅसेट त्यांनी घरात कधी लावू दिली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, चळवळीपायी संसाराची फरफट झाली त्याचा राग असेल. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"हे कुठून आनलं भाऊ?" त्या म्हणाल्या. "हे आमचे हायेत. लग्न झालं तवा असं बोलायचे. त्या कॅसेटीतला मानूस मला कधी वळखूच आला नाय."

त्या जमिनीवर बसल्या आणि ऐकू लागल्या. कचरूदादानं तोंड भिंतीकडं केलं.

मी म्हटलं, "दादा, लोकांना सांगतो. लिहून सांगतो, दारूचं खोटं होतं म्हणून. चालंल ना?"

"सांग, नायतर नको सांगू," तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "तवा इचारलं नव्हतंस. आता कशाला इचारतो?"

मी उठलो. कुणी बस म्हणालं नाही. स्पीकर उचलायला वाकलो तर वहिनींनी त्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या हे हितंच." मी तसाच चपला घालून बाहेर पडलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागून गाणं ऐकू येत होतं. मग कचरूदादाचा घोगरा आवाज आला, "बंद कर ते." ते बंद झालं नाही.